तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही

नमस्कार मंडळी. तिवरांची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांची, कत्तल म्हटलं की डोळ्यांपुढे कुऱ्हाड येते, जेसीबी येतो. पण त्याहून सोपी पद्धत आहे. पाणी अडवायचं, बस्स. बाकीचं आपोआप होतं.

कसं, ते सांगतो. ओहोटीला नवी मुंबईत ऐरोलीकडे ठाणे खाडीच्या काठी जा. चिखलातून बोटभर उंचीची हजारो मुळं वर आलेली दिसतील. ही तिवराची श्वासमुळं. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून झाड मुळं वर काढून हवा घेतं. भरतीला ती बुडतात, ओहोटीला मोकळी होतात, दिवसातून दोनदा. आता रस्त्याखालचा पाइप बुजला, किंवा कुणी रात्रीत डंपरभर राडारोडा आणून टाकला, तर? पाणी आत अडकलं की मुळं गुदमरतात. पाणी आत आलंच नाही, तर चिखल सुकतो, मीठ साचतं, झाड उभ्याउभ्या वाळतं. मग कुणीतरी म्हणतं, "इथे काय आहे? पडीक जागा!" पुढे त्या पडीक जागेचं काय होतं, ते नवी मुंबईकराला सांगायला नको.

[खाडीचा नकाशा]

आता फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. मग काळजी कसली? काळजी भरतीची. हे पक्षी उथळ चिखलात उभे राहून शेवाळ गाळून खातात. भरती चढली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येतात: डीपीएस तलाव, एनआरआय, टी. एस. चाणक्य. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणजे खायची जागा राखीव आणि टेकायची जागा उघड्यावर! २०२४ मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईना, तळं आटलं आणि तिथे फ्लेमिंगो मेले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. चांगलं झालं. पण पाणी येण्याची वाट मोकळी नसेल, तर नुसत्या दर्जाला पक्षी काय करणार?

आणखी एक. "फ्लेमिंगो एवढे येतात, म्हणजे खाडी ठणठणीत आहे," हे मला पटत नाही. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला खत पुरवतो, म्हणून पक्ष्यांचं पोट भरतं. त्याच पाण्यावर कोळ्याचं पोट भरत नाही. दिवाळे, सारसोळे या गावांत म्हाताऱ्या माणसांना विचारा, जिताडा, चिंबोऱ्या आणि कालवं पूर्वी किती मिळायची ते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाचा, म्हणजे या तिवरांच्या जंगलाचा, नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. तेव्हा तक्रारीत "झाडं तोडली" एवढंच शोधत बसू नका, पाणी कुठे अडलंय ते दाखवा. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, जाऊन काही कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जा. ऐन भरतीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. खाडीकडे पाणी टम्म आणि आत कोरडं, हे एकाच फ्रेममध्ये आलं तर उत्तमच. फोटोवर वेळ आणि ठिकाण राहू द्या, आणि तक्रार वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे पाठवा. नंतर ती जागा खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या उधाणाला आम्ही कॅमेरा घेऊन तिथे येतो.