धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता

सगळ्यांना सलाम. तरुण संघाने मला विषय दिलाय "ख्रिस्ती जीवन जगणे", आणि असा विषय मिळाला की बोलणाऱ्याचं काम सोपं होतं, याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडायचा, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे हे वाचायचं, तरुणांना मोबाइलवरून थोडं झापायचं आणि चहाला बसायचं. पण ते वचन तुम्हा सगळ्यांना संडेस्कूलपासून पाठ आहे आणि पाठ असून काही फरक पडलेला नाही, माझ्यातही नाही. म्हणून आज मी फक्त पंडिता रमाबाईंबद्दल बोलतो.

तुम्ही म्हणाल हे तर शाळेत झालं. झालं, पण शाळेत काय येतं, संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, कैसर-ए-हिंद पदक, मार्क दोन. त्यांचा विश्वास कसा घडत गेला हे कोणी सांगत नाही.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, लहानगी मनोरमा बरोबर. वाँटेज गावातल्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहत होत्या. त्या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलमला एक घर होतं, तेव्हाच्या भाषेत "पतित" स्त्रियांसाठी. रमाबाईंनी तिथे पाहिलं की ज्या बायकांची सावली आपल्याकडचे लोक अंगावर पडू देणार नाहीत त्यांना या सिस्टर्स जवळ घेतायत, सांभाळतायत. मग त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा एका सिस्टरने योहानाचा चौथा अध्याय काढला, शोमरोनी स्त्री आणि येशू विहिरीवर बोलतात तो. आता यातला क्रम बघा. आधी काम दिसलं, मग प्रश्न आला, मग शास्त्र उघडलं. आपण हातात पत्रक देतो आणि समोरच्याने प्रश्न विचारायची वाटच बघत नाही, आणि खरं म्हणजे आपल्याकडे बघून कोणाला प्रश्न पडेल असं आपण काही करतही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

पण त्या काही गुपचूप मान डोलावणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडातही शाकाहारीच राहिल्या, क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको म्हणून वाद घातला, आणि वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनला पत्रात कळवून टाकलं की मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. सिस्टरला ते गर्विष्ठपणाचं वाटलं. आजच्या कुठल्याही चर्चच्या पंचकमिटीलाही वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. 1907 साली रमाबाईंनी आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, छापली, आणि त्यात त्या कबूल करतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. हे कोण म्हणतंय? जिने घरदार, समाज, नाव सगळं पणाला लावलं ती. आपल्यापैकी कोणी एवढं म्हणेल का? आपण तर "आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती" असं छाती काढून सांगतो, जणू ते आजोबांकडून सातबाऱ्यावर चढून आलंय.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाईंना दुष्काळ म्हणजे काय हे माहीत होतं, 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपाशीपोटी गेले होते, त्या आणि भाऊ श्रीनिवास तेवढे जगले. त्या मध्य प्रांतात गेल्या, अनाथगृहं, मदत छावण्या बघितल्या, आणि तिथे अन्नासाठी आलेल्या मुलींचं जे शोषण चाललं होतं ते बघून त्यांनी मुली आणायला सुरुवात केली. किती? शेकड्यांनी. पैसे हातात होते म्हणून नाही. तेवढ्यात पुण्यात प्लेग, शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात, तेव्हा केडगावची जमीन होती तिथे आडोसे उभारून सगळं हलवलं. भुकेने सुकलेल्या, अंगावर फोड, डोक्यात उवा, कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या मुली, त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठून बघणं, हे कोणाचे तरी हात करत होते. पुढे तिथे कृपा सदन झालं, फुलमला पाहिलं होतं त्याच कामासाठी. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, आणि रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसलेल्या आणि त्याच छापखान्यात आश्रमातल्या मुली त्याचे टाइप जुळवतायत.

त्याच 1897 मध्ये त्यांनी पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांना कसं वागवतात यावर सरकारविरुद्ध पेपरात पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती, देणग्या देणारेही बरेचसे त्याच देशातले, तरी लिहिलं. गव्हर्नरने ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. आपल्याकडे "आपल्याच माणसांबद्दल बाहेर बोलू नये" हे जणू अकरावी आज्ञा असल्यासारखं चालतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि केडगावचं 1905 चं संजीवन, म्हणजे तिथे आलेली ती धार्मिक जागृतीची लाट. केडगावला गेलो की आपल्या लोकांना तेवढंच ऐकायचं असतं, मुली रडत होत्या, रात्रभर प्रार्थना चालायच्या, अग्नी उतरला. उतरला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या आधी आठ वर्षं तिथे रोज शेकडो जणींचा स्वयंपाक होत होता, हे संजीवन सभेच्या पोस्टरवर कोणी छापत नाही. आपल्याला ते संजीवन हवंय, साउंड सिस्टीमसकट, चूल नकोय.

आता आपल्या घरात या. तुमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्यांचा कप वेगळा आहे का? हसू नका, मी चांगल्या ख्रिस्ती घरांत पाहिलाय, खिडकीत उपडा ठेवलेला, कान तुटलेला स्टीलचा नाही तर प्लॅस्टिकचा. भिंतीवर "मी आणि माझे घराणे, आम्ही परमेश्वराची सेवा करू". लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या, नवऱ्याने 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोवळं सोडायला तयार नव्हत्या, वेगळं राहिल्या, भांडल्या, आणि जात माणसाने केलीय हे मनाला पटल्यावर आधी शिवाशिव सोडली, बाप्तिस्मा नंतर घेतला. आपण बाप्तिस्मा आधी घेतला आणि कप अजून सोडला नाही. लग्न जुळवताना "मूळचे कुठले हो तुम्ही?" विचारतो ना, त्यातलं "मूळ" कुठलं असतं हे तुम्हालाही माहिती आहे आणि मलाही.

लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय येशूला बघायला झाडावर चढला होता, तो उतरला तेव्हा त्याने साक्ष नाही दिली, हिशेब दिला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं. मला नेहमी वाटतं की त्या रात्री जक्कयाच्या बायकोने काय काय ऐकवलं असेल त्याला, पण ते लूकने लिहिलेलं नाही.

तर आता चहाच्या आधी एक काम करू. खजिनदार समोरच बसलेत, उठू नका साहेब, पळू तर अजिबात नका. आपल्या मंडळीचा जो वॉचमन आहे आणि ज्या ताई रविवारी आपण यायच्या आधी हा हॉल झाडून जातात, त्यांना महिन्याला काय मिळतं, रविवारची सुट्टी त्यांना आहे का, आजारी पडल्या तर पगार कापतो का, हे इथे सगळ्यांसमोर सांगा. मग नाताळच्या डेकोरेशनचा आकडा सांगा. मी थांबतो, माइक तुमच्याकडे.