सिरिंजमध्ये मागे राहिलेलं रक्त

श्रोतेहो, नमस्कार.

दंडाला पट्टा आवळलेला असतो, शीर सापडलेली असते. तरी टोचून नशा करणारा माणूस लगेच दट्ट्या दाबत नाही, आधी जरासा मागे ओढतो. सिरिंजमध्ये लाल रेघ उमटली की शीर बरोबर लागली. मग नशा आत जाते, सुई बाहेर येते. पण सुईच्या बुडाशी थेंबाहूनही कमी रक्त मागे राहतं. एचआयव्हीचा विषाणू उघड्यावर फार तग धरत नाही. सिरिंजमधल्या त्या रक्तात मात्र कित्येक दिवस जगू शकतो. आणि तीच सिरिंज शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात जाते. पाण्यात खळखळली की झाली साफ! ते पाणीही दोघांत एकच, पूड विरघळवायचं झाकणही एकच.

मणिपूरमध्ये हेच घडलं. म्यानमारकडून येणारं ‘नंबर फोर’ हेरॉइन मिळायला सोपं, सिरिंज मात्र अवघड. जवळ सापडली तर पोलीस धरतील ही धास्ती. मग एका सुईवर चौघं. १९८९-९० मध्ये वर्षभराच्या आत तिथल्या टोचून घेणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना लागण झाली. पुढे ती त्यांच्या बायकांपर्यंत पोचली, ज्यांनी सुई कधी हातातही धरली नव्हती.

आपल्याकडे मुंबईत गर्द बहुतेक जण पन्नीवर ओढतात. ‘गर्दुल्ला’ म्हणून आपण त्यांना मोकळे होतो. मला तो शब्द खुपतो. पण ओढणारा उद्या टोचणार नाही, याची खात्री कोण देणार?

म्हणून जुनी सुई घेऊन नवी देण्याचं काम चालतं. “सरकार नशेला सुया पुरवतं?” असं रागाने विचारणारे भेटतात. राग समजतो. पण नवी सुई न मिळाल्याने कोणी नशा सोडल्याचं मी पाहिलेलं नाही. जुनीच वापरल्याचं पाहिलंय. शिवाय सुई घ्यायला आलेल्याशी बोलता येतं, चाचणीला नेता येतं. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून दिली जाते. तिने तलफ आवरते, सुई सुटू शकते. लागण झालेल्यांना सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांच्या केंद्रात, औषधं मोफत आहेत.

घरात असं कोणी असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक फिरवा. नाव सांगितलं नाही तरी चालतं. आणि त्याच्या उशाखाली सिरिंज सापडली, तर आरडाओरडा करण्याआधी एवढंच विचारा: ही तुझी एकट्याचीच आहे ना?