ब्लोअरचं इंजिन आणि साडेआठचा आकडा

मंडळी, एका हौशी गृहस्थांचा जुना शेवरोले पिकअप माझ्याकडे उघडायला आला होता. ३५० घन इंचांचं, आठ सिलिंडरांचं व्ही-एट पेट्रोल इंजिन, वर रूट्स ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. बांधून जेमतेम महिना झालेला. रत्नागिरीहून मागं भरलेला ट्रेलर लावून येताना आंबा घाटात खडखड सुरू झाली आणि माथ्यावर पोचेपर्यंत दोन सिलिंडर गेले. खोललं, तर पिस्टनवर दोन रिंगांच्या मधली कड तुटून पडलेली. पिस्टन चांगले होते, बेअरिंगला डाग नव्हता, बोअर सरळ होता. काम मन लावून केलेलं होतं. फक्त कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर आल्यावर कितव्या हिश्शावर येते तो आकडा, दहाचा होता. ब्लोअर नसता तर त्या इंजिनाला दहा शोभला असता.

हा ब्लोअर खरं तर तुम्हा फाउंड्रीवाल्यांच्या घरचा. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० च्या सुमारास तो काढला आणि भट्ट्यांना वारा घालायला तो वापरात आला. पुढं १९३८ मध्ये जनरल मोटर्सनं ७१ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं आणली, त्यांना हवा भरायला हाच प्रकार बसवला. तिथून हौशी लोकांनी तो काढून पेट्रोलच्या व्ही-एटवर चढवला. पण एक गोष्ट तशीच राहिली: हा ब्लोअर हवा आत ढकलतो आणि ढकलताना तापवतो. ३५ अंशांची हवा सात पौंड बूस्टला (दर चौरस इंचाला सात पौंड जादा दाब) जुन्या धर्तीच्या रूट्समधून शंभर अंशांच्या आसपास होऊन बाहेर पडते. मग पिस्टन तीच हवा पुन्हा दाबतो. ठिणगीनं पेटलेली ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. ती खडखड म्हणजे हेच, यालाच नॉकिंग म्हणतात.

आता सगळ्यांचा प्रश्न असतो, रेशो कमी केला तर ताकद जाणार ना? जाते, पण किती ते बघा. आदर्श गणितानं दहाच्या रेशोला कार्यक्षमता ६०.२ टक्के येते, साडेआठला ५७.५. म्हणजे आधी जेवढी ताकद मिळत होती, तिच्या शंभरातले चार-साडेचार हातातून जातात. त्या बदल्यात सात पौंड बूस्टनं हवेचा दाब जवळपास दीडपट होतो. हवा तापते, ब्लोअर फिरवायला ताकद खर्च होते, ते वजा केलं तरी हिशेब आपल्याच बाजूला राहतो. शिवाय रूट्स पहिल्यापासून हवा देतो, त्यामुळे कमी रेशोचं इंजिन खालच्या फेऱ्यांवर मरगळलेलं वाटत नाही. रेशोला बूस्टच्या पटीनं गुणायची रीत तुम्हाला माहीत आहे: दहाचे पंधरा होतात, साडेआठचे पावणेतेरा. तुलनेला ती ठीक आहे, पण उष्णता तिच्यात कुठंच येत नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका.

आणि ट्रक म्हणजे रेसची गाडी नव्हे. रेसची गाडी दहा-बारा सेकंद पूर्ण बूस्टवर असते. ट्रक घाटात दहा-पंधरा मिनिटं असतो, उन्हात, मागून वारा असेल तर रेडिएटरला हवा कमी. त्यात कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्के कमी असतो. आपण इथं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावतो, गाडी कोकणात उतरते आणि भरलेली परत निघते, तेव्हा घाटाच्या पायथ्याला तिच्यात इथल्यापेक्षा जड हवा जात असते. रेशो तिथला धरून ठरवायचा.

साध्या पंपाच्या पेट्रोलवर, सहा ते आठ पौंड, इंटरकूलर नाही, ओतीव लोखंडाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण): मी साडेआठ म्हणतो. इंटरकूलर आणि ॲल्युमिनियमचं हेड असेल तर नऊ. त्यावर जायला ओझं ओढणाऱ्या गाडीत मला कारण दिसत नाही. आपल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के येतं, ते नॉकिंग रोखायला मदतच करतं, कारण त्याचा ऑक्टेन (आपोआप न भडकण्याचा गुण) जास्त आणि उडताना ते थंडावा देतं. पण कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) जुनेच ठेवले तर मिश्रण पातळ होतं आणि तो फायदा उलटतो. (डिझेलवाल्यांना हे लागू नाही. तिथं पेटण्यासाठीच सोळा-सतराचा रेशो हवा, मर्यादा वेगळ्या.)

साडेआठ आणायचा कसा, यात बहुतेक जण चुकतात. हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पातळ पत्र्याच्या, म्हणजे गॅस्केटच्या, जागी दोन गॅस्केट घालतात. तसं करू नका! पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेड यांत साधारण एक मिलिमीटर अंतर असलं, तर मिश्रण तिथून जोरात पिळून ठिणगीकडे जातं आणि लवकर जळतं. गॅस्केट जाड केलं की ही पिळवणूक संपते. रेशो कमी होऊनही खडखड राहते. हिशेब असा करा. चार इंची बोअर (सिलिंडरचा व्यास), ३.४८ इंची स्ट्रोक (पिस्टनची चाल), एका सिलिंडरचे ७१७ सीसी. साडेआठला वर जागा हवी ७१७ भागिले साडेसात, म्हणजे साडेपंच्याण्णव सीसी. हेडचा चेंबर ६४, एक मिलिमीटर गॅस्केटचे साडेआठ. उरले तेवीस. तेवढी खोलगट वाटी पिस्टनच्या माथ्यात घ्या आणि पिस्टन ब्लॉकच्या तोंडाशी बरोबर आणा.

आणि ६४ हा कॅटलॉगचा आकडा आहे. हेडला अर्धा मिलिमीटर फेस मारला, म्हणजे तळ घासून सपाट केला, की तीन-साडेतीन सीसी जातात. त्या पिकअपच्या हेडला आधी दोनदा फेस मारलेला होता आणि कुणीच मोजलं नव्हतं. ते हेड मी आणलंय, या टेबलावर आहे. ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी), ॲक्रिलिकची पट्टी आणि ग्रीसही आहे. व्हॉल्व्ह बसवलेत, प्लग घट्ट केलेत. पुढे या, दोघं जण पट्टी धरा, आपण पहिला चेंबर भरून बघू.