पोटावरची रेघ आणि तळव्यांची खाज

नमस्कार मैत्रिणींनो, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या सासूबाईंनो, तुम्हालाही नमस्कार. गरोदरपणातल्या त्वचेबद्दलचं आजचं बोलणं दोघींसाठी आहे.

मागच्या उन्हाळ्यात विडी घरकुलाकडून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक बाई दवाखान्यात आली. सहावा महिना. दोन्ही गाल, कपाळ आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उठलेले. म्हणाली, "बाई, तोंड काळं पडायलंय बघा. लोहाच्या गोळ्यांनी उष्णता झाली म्हणत्यात सगळी, म्हणून गोळ्याच बंद केल्या."

हा वांग. लोहाच्या गोळीचा त्यात काडीचाही दोष नाही. गरोदरपणी शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात. नाभीवरून खाली उतरणारी काळी रेघ, गडद झालेली स्तनाग्रं, काळवंडलेली मान आणि काखा, सगळा त्याच कारखान्याचा माल. त्या रेघेवरून मुलगा की मुलगी हे ओळखणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. रेघेला त्यातलं काही कळत नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती फिकट होते. वांगही बहुतेकींचा उतरतो, काहींचा थोडा मागे राहतो.

वांगाला खरं खतपाणी घालतं ते ऊन, आणि उन्हाळ्यात आपल्या सोलापुरात पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून बसतो. बाहेर पडताना नुसता विरळ ओढणीचा पदर पुरत नाही. घट्ट विणीचं सुती कापड किंवा छत्री घ्या, आणि जमलं तर झिंक ऑक्साइडचं, किमान एसपीएफ (ऊन अडवण्याचा ट्यूबवरचा आकडा) ३० असलेलं सनस्क्रीन लावा. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, कारण घामानं ते टिकत नाही. लिंबू चोळणं, खरखरीत डाळीच्या पिठानं घासणं बंद. त्वचा चिडली की डाग आणखी गडद होतो.

त्या बाईच्या पिशवीत एक ट्यूबही होती, शेजारणीनं दिलेली. मला राग येतो तो या ट्यूबचा. गोरं करणाऱ्या अशा काही मलमांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पुरळ येतं. शिवाय ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन गरोदरपणात वापरायचंच नसतं. नायट्यावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या कितीतरी मलमांतही हेच स्टेरॉइड दडलेलं असतं. ट्यूब मला दाखवा, मग लावा.

पोटावर, मांड्यांवर फुटणाऱ्या रेघा बहुतेक सहाव्या-सातव्या महिन्यानंतर दिसतात. त्या येणार की नाही हे पुष्कळसं आईकडून आलेल्या त्वचेवर असतं. महागडं तेल आणा की घरचं खोबरेल लावा, रेघा हमखास थांबतील असं कुणी छातीठोक सांगू नये. तेलानं कोरडेपणा आणि खाज मात्र कमी होते. तेवढ्याला खोबरेल पुरतं.

आता खाजेचं नीट ऐका. ताणलेल्या पोटाला खाज येतेच. घामोळ्यांची येते. "खाजवू नकोस, बाळाला जावळ येतंय" असं म्हणून घरात हसण्यावारीही नेतात. पण सातव्या महिन्यानंतर तळहात आणि तळपाय खाजायला लागले, अंगावर पुरळ काहीच नाही आणि रात्री खाज इतकी वाढते की झोप उडते, तर सकाळ होताच दवाखाना गाठा. हे यकृताचं दुखणं असू शकतं. पित्तातली आम्लं रक्तात साठतात, त्याचा त्रास पोटातल्या बाळाला होऊ शकतो. रक्ताच्या तपासणीत ते कळतं, औषध देता येतं, बाळंतपण कधी करायचं ते ठरवता येतं. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर तासही घालवू नका. सासूबाई, हे तुमच्यासाठी. मध्यरात्री सून तळवे जमिनीवर घासताना दिसली, तर तिला थंड पाण्यात पाय बुडवायला जरूर सांगा, पण तेवढ्यावर भागवू नका.

विडी वळणाऱ्या बहिणींना एक वेगळी विनंती. तंबाखूतलं निकोटिन त्वचेतूनही शरीरात जातं. या नऊ महिन्यांत तंबाखू भरायचं काम घरात दुसऱ्या कुणावर सोपवता आलं तर बघा. नाहीच जमलं तर तोंडाला, जेवणाला हात लावण्याआधी साबणानं धुवा.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुंजक्यांनी केस गळतात, तेव्हा घाबरून फोन येतात. पोटात बाळ असताना जे केस गळायचे राहिले होते, ते सगळे एकदम गळतात, इतकंच. वर्षभरात बहुतेकींचे परत येतात. आमच्या वाड्यातली आजी म्हणायची, "बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात." महिन्यांचा हिशेब तिचा बरोबर होता. बाळाच्या हसण्यावर आळ मात्र उगाच होता.

नमस्कार.