आठ तोंडांचा सर्प आणि दारूची धार

मित्रहो, पडद्यावर एक पांढरी लांडगीण उभी आहे. वर काळंकुट्ट आभाळ. तुम्ही बटण दाबता, चित्र जागच्या जागी थबकतं, जुन्या कागदासारखं दिसू लागतं आणि तुमच्या हाती शाईचा कुंचला येतो. आभाळात एक गोल काढलात की सूर्य उगवतो. जपानी कंपनी कॅपकॉमने २००६ साली आणलेला हा 'ओकामी' गेम. ही लांडगीण म्हणजे सूर्यदेवी अमातेरासू. जपानीत 'ओकामी' म्हणजे लांडगा, आणि वेगळ्या अक्षरांत लिहिलं तर थोर देव. हा श्लेष परदेशात फार थोड्यांना कळला असेल. पण खेळताना कुणाचं काही अडलं नाही. का अडलं नाही, तेच मला आज सांगायचं आहे.

'कोजिकी' हा जपानी देवादिकांच्या कथांचा इ.स. ७१२चा ग्रंथ. त्यात अमातेरासूचा भाऊ सुसानोओ आठ डोक्यांच्या ओरोची सर्पाला पिंपं भरभरून दारू पाजतो आणि तो झिंगला की त्याला कापून काढतो. गेममध्ये हे नुसतं ऐकायला मिळत नाही. दारूची धार कुंचल्याने ओढून एकेका तोंडात तुम्हालाच सोडावी लागते. ब्राझीलमधल्या मुलाने कोजिकीचं नावही ऐकलेलं नसतं, पण सर्पाला दारू पाजलेली असते ती त्यानेच. लोककथा मुरते ती अशीच. चकवा लागला तर पायपीट करू नये, आहे तिथे बसून राहावं, हे आपल्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलं?

२०२२च्या 'घोस्टवायर: टोकियो' या गेममध्ये जपानी लोककथांमधला काप्पा आहे. पाण्यातला, डोक्यावर पाण्याची खोलगट ताटली असलेला, काकडीसाठी जीव टाकणारा. त्याला पकडायचं तर काकडी ठेवायची, आडोशाला दबा धरायचा आणि तो खाण्यात गुंतला की मागून झडप घालायची. काकडी घ्यायला दुकानात जावं, तर दुकानदार दोन शेपट्यांचं मांजर! समजावून सांगण्यापेक्षा करायला लावण्यावर भर आहे, आणि ते मला फार आवडतं.

याउलट 'यो-काई वॉच' हा जपानी भुताखेतांचा गेम. जपानात २०१३ साली आला आणि मुलांनी तो डोक्यावर घेतला. अमेरिकेत २०१५ साली नेताना त्यातल्या केइता या नायकाचा 'नेट' झाला, गावाचं नावही इंग्रजी झालं. तिकडे तशी लाट आली नाही. कारणं अनेक असतील, पण परक्या मुलांना परकं नाव झेपणार नाही ही भीती मला तेव्हाही पटली नव्हती. 'ओकामी'ने आपल्या सुसानोला (कोजिकीतल्या सुसानोओवरून घेतलेलं पात्र) सुसानोच ठेवलं. तोही आधी फारसा खपला नाही, हे खरं. तो घडवणारा क्लोव्हर स्टुडिओ २००७मध्ये बंद झाला. पण गेम नव्या नव्या यंत्रांवर पुन्हा निघत राहिला आणि डिसेंबर २०२४मध्ये पुढच्या भागाची घोषणा झाली.

आणि मारिओ! 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' अमेरिकेत पोचला १९९० साली. त्यात मारिओ तानुकीचा पोशाख घालतो आणि क्षणभर दगडी पुतळा होतो. तानुकी हा जपानी कथांमधला रूप बदलणारा प्राणी, आणि तो पुतळा जिझोचा, मुलांच्या आणि वाटसरूंच्या राखणदाराचा. तेव्हा हा गेम खेळणारी मुलं आज चाळिशीत आहेत. त्यांच्यातलं कुणी जपानला गेलं, तर रस्त्याकडेला लाल लाळेरं बांधलेला तो दगडी जिझो दिसतो, आणि हा आपण कुठेतरी पाहिलाय, असं वाटून पाऊल थबकतं.