दोन पानं वाचा आणि लगेच झाड बघा

नमस्कार मंडळी. विषय तसा साधा आहे, उन्हाळ्यात रोज थोडं वाचायचं आणि आपल्या बागेतली, गॅलरीतली झाडं रोज बघायची. बरेच जण ह्यातलं एक करतात, काही जण दोन्ही करतात पण वेगवेगळं, म्हणजे रात्री झोपताना पुस्तक आणि सकाळी घाईघाईत पाणी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की ह्या दोन गोष्टी जोडून घ्या. जे आज वाचलं ते आजच झाडावर जाऊन बघायचं. वाचून नुसतं सोडून दिलं की आठवड्यात विसरायला होतं हो, आणि नुसतं बघत राहिलं तर "वा, काय मस्त फुललंय" ह्याच्या पुढे आपण जात नाही.

आता उन्हाळाच का, तर उन्हाळ्यात सगळं भराभर होतं आणि डोळ्यांना दिसेल असं होतं. झाड सकाळी सातला वेगळं, दुपारी एकला वेगळं, संध्याकाळी परत वेगळं. इतर वेळी जो फरक दिसायला आठवडा लागतो तो इथे एका दिवसात दिसतो.

सगळ्यात आधी दुपारी माना टाकणारी पानं घ्या, कारण त्यावरूनच जास्त गोंधळ होतो. पानाला, बहुतेक करून खालच्या बाजूला, बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर ती उघडावी लागतात आणि उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं, दुसरा मार्गच नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच हवेत जातं. मग भर दुपारी काय होतं, वाफ होण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा वाढतो आणि मोठ्या, पातळ पानांची झाडं, भोपळ्याचा वेल किंवा हायड्रेंजिया, माती ओली असूनसुद्धा मान टाकतात. आपण बघतो, जीव कळवळतो, आणि लगेच जाऊन तांब्याभर पाणी ओततो. थांबा. ऊन उतरल्यावर परत जाऊन बघा, तीच पानं आपोआप ताठ उभी असतात. सकाळी सातलाही पान लोंबलेलं असेल तर मात्र काहीतरी खरंच बिघडलंय, तेव्हा बोट मातीत दोन पेरं आत घालून बघायचं. कोरडं लागलं तर पाणी घाला, चिखल लागला तर मुळं कुजायला लागली असतील, आणि गंमत अशी की मुळं कुजलेल्या झाडाची पानंही तहानलेल्या झाडासारखीच लोंबतात, त्यामुळे लोक त्याला आणखी पाणी घालतात आणि ते झाड जातं. पर्णरंध्रांवरची दोन पानं वाचलेला माणूस हे करणार नाही, आणि ज्याने ती दोन पानं वाचून त्याच दुपारी आणि त्याच संध्याकाळी भोपळ्याचा वेल बघितलाय त्याच्या हातून तर आयुष्यात होणार नाही असं मला मनापासून वाटतं.

ह्याच्या शेजारीच कोरफड ठेवलेली असेल तर तीही बघा, ती दुपारी मुळीच हलत नाही, कारण ती छिद्रं मुख्यतः रात्री उघडते, गार हवेत कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवते आणि दिवसा दार लावून तोच वापरते.

दुसरं, मधुमालती. हिच्यासाठी खरं तर वेगळं व्याख्यान ठेवायला पाहिजे. वेलावर पांढरी, गुलाबी, लाल अशी फुलं एकत्र दिसतात म्हणून बरेच जण समजतात की हिला तीन रंगांची फुलं येतात. एका पांढऱ्या फुलाच्या देठाला संध्याकाळी दोरा बांधा, अगदी सैल, आणि दुसऱ्या दिवशी बघा, तिसऱ्या दिवशी बघा. तेच फूल गुलाबी होतं आणि मग लाल होतं. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, अंधारात उठून दिसतं, आणि त्याची नळी लांब असते, तिथे लांब सोंडेचे पतंग येतात. रंग बदलल्यावर दिवसा मधमाश्या वगैरे येतात. हे मी सांगितलं, तुम्ही ऐकलं, झालं, पण रात्री टॉर्च न लावता दहा मिनिटं वेलापाशी उभं राहिलात आणि एखादा पतंग फुलासमोर हवेत तरंगताना दिसला की ते वाक्य कायमचं तुमचं झालं.

पोर्तुलाका बहुतेकांकडे असतोच, चिनी गुलाब म्हणतात तो. कडक ऊन असलं की उघडतो, ढग आले की मिटूनच राहतो. उघडल्यावर मधल्या पिवळ्या पुंकेसरांना गवताच्या काडीने हळूच स्पर्श करा आणि डोळा जवळ नेऊन बघा, पुंकेसर हलतात! वारा नसताना.

फुलांच्या ह्या उघडण्या-मिटण्याच्या वेळांवरून लिनिअस ह्या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५१ मध्ये फुलांच्या घड्याळाची कल्पना मांडली होती, कुठलं फूल किती वाजता उघडतं ह्यावरून वेळ सांगायची. त्याच्याही आधी १७२९ मध्ये द मेराँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं आणि बघितलं की ऊन नसतानाही पानं दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. सजीवांच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, हा सगळा मोठा अभ्यास पुढे ज्यातून वाढला त्याची सुरुवात एका झाडाकडे नीट बघण्यातून झालेली आहे. उपकरण काय, तर अंधार.

आणि लिहून ठेवणं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते, त्यांनी १७३६ पासून पहिलं फूल कधी आलं, पहिलं पान कधी फुटलं अशा तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालवलं, म्हणजे दोनशे वर्षांच्या वर. आज हवामान बदलाचा अभ्यास करणारे लोक त्या नोंदी वापरतात. आपल्याला दोनशे वर्षं नकोत, एक वही पुरे. तारीख, वेळ, झाड, काय दिसलं, आणि त्या दिवशी काय वाचलं त्याची एक ओळ. मोबाईलमध्ये फोटो काढा, जरूर काढा, पण फोटो काढला की बघितल्यासारखं वाटतं आणि बघणं राहून जातं, म्हणून आधी दोन ओळी आणि मग फोटो.

वाचलेलं तपासताही येतं ह्यातून. सूर्यफूल सूर्याबरोबर फिरतं असं आपण सगळ्यांनी वाचलंय. लावा आणि बघा. कोवळं झाड, कळी असेपर्यंत, खरंच फिरतं, दिवसभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि रात्रीतून परत पूर्वेकडे. पण फूल पूर्ण उमलून जून झालं की फिरणं थांबतं आणि ते पूर्वेला तोंड करून राहतं. २०१६ मध्ये ह्यावर एक चांगलं संशोधन आलं, त्यात दिसलं की पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर गरम होतात आणि त्यांच्यावर मधमाश्या जास्त येतात.

काय वाचायचं असं दरवेळी विचारतात. जाडजूड ग्रंथ लागत नाही. तुमच्याकडे जे झाड आहे त्याच्याबद्दलचं काहीही नीट लिहिलेलं, रोज दोन-तीन पानं, आणि शक्यतो त्या झाडाला आज जे झालंय त्याबद्दलचं. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसला तर पानकापी माशीबद्दल वाचा, ती ते तुकडे अंडी घालायच्या घरट्याला वापरते, पान खात नाही, झाडाला फारसा त्रासही नसतो.

आणि जास्वंदीवर मुंग्यांची रांग वर चढताना दिसली तर त्यांच्या मागे डोळ्यांनी चढत जा. वर शेंड्याला पांढरा पिठ्या ढेकूण असेल, त्याच्या अंगातून जो गोड चिकटा निघतो त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याचं राखण करतात. फवारणी करायच्या आधी भिंग घेऊन पाच मिनिटं तिथेच थांबा. ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. त्याच्यात एखादा तसाच पांढरा, पण लांब झिपऱ्यांचा आणि भराभर चालणारा जीव दिसला, तर तो ढेकूण नाहीये, एका जातीच्या लेडीबर्ड भुंग्याची अळी आहे ती, आणि ती त्या ढेकणांनाच खायला आलेली आहे. ती दिसली तर फवारा बाजूला ठेवा आणि रोज सकाळी ढेकूण किती उरलेत ते मोजून वहीत लिहा.