लेटरबॉक्सवरचं नाव

[सकाळचे साडेसात. अंधार. रस्त्यावरचे दिवे अजून चालू. कॅमेरा एका जुन्या इमारतीच्या दारावर थांबतो.]

हे माझ्या घराचं दार. म्हणजे रस्त्यावरचं दार. घर अजून बरंच आत आहे. दाराच्या बाजूला पितळेची पट्टी आहे आणि तिच्यावर बावीस बटणं. एकाही बटणावर फ्लॅटचा नंबर सापडणार नाही. नुसती आडनावं आहेत. जर्मन, तुर्की, पोलिश, अरबी. आणि तिसऱ्या ओळीत, उजवीकडे, पट्टीत जेमतेम मावलेलं एक मराठी आडनाव. ते माझं.

बर्लिनच्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पाच आकडी पिनकोड, शहर. एवढंच. पोस्टमन आत येतो, लेटरबॉक्सच्या रांगेसमोर उभा राहतो आणि नावं वाचतो. तुमचं नाव दिसलं तर पत्र पेटीत पडतं. दिसलं नाही तर आल्या वाटेनं परत जातं.

मी २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथे आले. दोन बॅगा, एक नोकरीचं पत्र आणि नॉयकोल्न भागातला हा फ्लॅट. बॅगा ओढत आत येत होते, तेव्हा जिन्यात एक वयस्कर बाई भेटल्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यांनी लेटरबॉक्सकडे बोट दाखवलं, पुन्हा तेच विचारलं. मी हसून मान हलवली आणि वर गेले. नवीन माणूस न कळलेल्या प्रश्नांना असंच उत्तर देतो.

[ऊ-बान, म्हणजे बर्लिनची मेट्रो. तिची सात नंबरची लाइन. खिडकीतून स्टेशनांची नावं सरकतात.]

जर्मनीत घर घेतलं की दोन आठवड्यांच्या आत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा असतो. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. घरमालकानं सही केलेला एक कागद लागतो, त्याचं नाव उच्चारायला मला सहा महिने लागले: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. घर देणाऱ्याचा दाखला, एवढाच त्याचा अर्थ. बर्लिनचे बारा जिल्हे आहेत आणि नोंदणी त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात चालते. मला वेळ मिळाली श्पांडाउची, म्हणजे शहराच्या पार पश्चिम टोकाची. ही सात नंबरची लाइन मला घरापासून थेट तिथे घेऊन गेली. चाळीस स्टेशनं, जवळजवळ बत्तीस किलोमीटर, बर्लिनमधली सगळ्यांत लांब लाइन. त्या दिवशी मी तिच्यावरच्या स्टेशनांची नावं पाठ केली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं आणि मनात धाकधूक होती.

काउंटरवर दहा मिनिटं लागली. नाव, जन्मतारीख, धर्म. धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी. नोंदणीकृत चर्चचा सभासद असेल त्याच्या आयकरावर बर्लिनमध्ये नऊ टक्के आणखी लागतात. शिक्का बसला. कागद हातात आला. या शहरात माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते त्या कागदावर. मी तो बाहेर बाकावर बसून तीन वेळा वाचला.

मला वाटलं, झालं. इथली झाले.

नोंदणीनंतर सगळं पोस्टानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात. आरोग्य विम्याचं कार्ड. रेडिओ आणि दूरदर्शनची वर्गणी मागणारं पत्र. ती प्रत्येक घराला भरावी लागते, तेव्हा महिन्याला साडेसतरा युरो होती, २०२१ पासून १८.३६ युरो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, अकरा आकडी करक्रमांक. तो कंपनीला दिला नाही, तर पगारातून कर कापला जातो तो सर्वांत जड वर्गानुसार.

माझ्याकडे काहीच आलं नाही. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी पेटी उघडत होते. पहिला पगार जमा झाला तो अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. पैशांसाठी कमी, आणि या भावनेनं जास्त, की आपण सगळं नियमाप्रमाणे केलं आणि तरी या शहराला आपण सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई जिन्यात भेटल्या. या वेळी प्रश्नासोबत त्यांनी हातवारेही केले. पेटीवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तीन आठवडे पोस्टमन माझं नाव शोधत होता आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी घरातून कागदाची पट्टी आणली, चिकटपट्टी आणली, पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं. त्यांनी चिकटवलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं.

परत गेलेली पत्रं पुन्हा मागवावी लागली. जास्त कापलेला करही पुढे परत मिळाला. ती कागदाची पट्टी मात्र वर्षभर तिथेच होती, घर सांभाळणाऱ्या मंडळींनी पक्की पाटी बसवेपर्यंत.

[आतला चौक. वर आकाशाचा चौकोन. सायकली, कचऱ्याचे रंगीत डबे.]

आमची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. पुढे एक इमारत, मागे एक, मध्ये चौक. मी मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बर्लिनमध्ये असे चौक हजारोंनी आहेत. १८५३ च्या बांधकाम नियमानं त्यांचं किमान माप ठरवलं होतं: ५.३४ मीटर लांब, तेवढंच रुंद. आगीचा बंब आत येऊन वळावा एवढी जागा. उजेडाचा विचार त्यात नव्हता, हे खालच्या मजल्यांवर राहिलं की कळतं. आवाजाचाही नव्हता. इथे चमचा पडला तरी चार मजल्यांना ऐकू जातो.

हे मला एका रविवारी कळलं. पडद्याचा दांडा लावायचा होता. सुट्टीचा दिवस, सकाळचे अकरा. मी ड्रिल मशीन चालू केलं. दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली. जिन्यात भेटलेल्या त्याच बाई, खालच्या मजल्यावरच्या. रागावलेल्या नव्हत्या, खरोखर काळजीत होत्या, जणू मी घरात काहीतरी पेटवलं आहे. "झोन्टाग," त्या म्हणाल्या. रविवार.

जर्मनीत रविवारची शांतता संविधानात आहे. १९१९ च्या वायमार संविधानातलं एकशे एकोणचाळीसावं कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यानं, म्हणजे आजच्या संविधानानं, जसंच्या तसं घेतलं: रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून सुरक्षित राहील. बहुतेक दुकानं बंद. मोठे आवाज बंद. रिकाम्या बाटल्या काचेसाठी ठेवलेल्या डब्यात टाकायच्या तर तेही सोमवारी. पहिले काही महिने हा दिवस मला खायला उठायचा. शहर मला एकटीला सोडून कुठेतरी निघून गेलंय, असं वाटायचं. आज कुणी माझा रविवार काढून घ्यायला आलं, तर मी भांडेन.

[संध्याकाळचा भाषावर्ग. रिकामी बाकं, फळ्यावर खडूनं लिहिलेले तीन शब्द.]

आता भाषेबद्दल. याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण जर्मन अवघड असते हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मराठी माणसाला ती कुठे सोपी असते, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर लिहिलं: देअर, डी, डास. तीन लिंगं. वर्गात इंग्रजी बोलणारे कपाळाला हात लावून बसले. मी मात्र मनात म्हटलं, अरे, हे तर तो, ती, ते! चंद्र त्यांच्याकडेही तो. सूर्य मात्र ती. आणि मुलगी चक्क ते, जसं आपण एखाद्या लहानग्या पोरीला कौतुकानं "किती गोड आहे गं ते" म्हणतो.

आकडे आले. एकवीस म्हणजे आइनउंटत्स्वान्त्सिग, आधी एक, मग वीस. सगळा वर्ग गोंधळला. मी नाही. आपण लहानपणापासून एकवीस, बावीस, तेवीसच म्हणत आलो. एकं आधी, दशक नंतर.

झेड या अक्षराचा उच्चार. बाई दातांमागे जीभ लावून दाखवत होत्या, सगळे धडपडत होते. तो आपल्या चमच्यातला च. चुलीतला, चाकातला. जन्मापासून तोंडात असलेला. आणि "कारण" म्हणून जोडलेल्या वाक्यात क्रियापद अगदी शेवटी जातं, ते तर आपलं नेहमीचंच घर.

त्या रात्री सात नंबरच्या गाडीत मी एकटीच पुटपुटत होते. तोपर्यंत माझ्या मराठीकडे मी घरच्यांशी बोलायची भाषा म्हणून पाहत होते. तिच्या आधारानं मी परक्या शहरात उभी राहीन, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

बदल्यात माझ्या आडनावातला ळ कुणालाच आला नाही. खालच्या बाईंनी खूप प्रयत्न केला. त्यांच्या तोंडी तो ल आणि र यांच्या मधे कुठेतरी अडकायचा. मला तो उच्चार आवडायला लागला.

[टेम्पेलहोफचं मोकळं मैदान. जुन्या धावपट्टीवर चालणारी माणसं, पतंग. कमी, पिवळा उजेड.]

हिवाळा. एकवीस डिसेंबरला बर्लिनमध्ये सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार. त्यात भारतात साडेचार तास पुढची वेळ. मी सहाला घरी यायचे, तेव्हा आईबाबांकडे साडेदहा वाजलेले असायचे. आई जागी राहायची, पण तिचा आवाज झोपेतला असायचा, आणि तिला जागं ठेवल्याची टोचणी मला लागायची.

म्हणून मी दुपारच्या सुट्टीत बोलायला लागले, आणि शनिवारी इथे येऊन. हा बंद पडलेला विमानतळ आहे. २००८ मध्ये शेवटची उड्डाणं झाली, २०१० मध्ये मैदान लोकांसाठी उघडलं. २०१४ मध्ये इथे इमारती बांधायच्या की नाही यावर शहरानं मतदान केलं आणि मैदान मोकळंच ठेवलं. ज्या पट्टीवरून विमानं उडायची, त्या पट्टीवर चालत मी आईशी बोलायचे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात. साडेचारचे साडेतीन तास होतात. पहिल्या वर्षी मी हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, एक तास जवळ आलीस."

[चौक. पहिल्या मजल्याची खिडकी. खिडकीत कुंड्या.]

खालच्या बाईंना मी मनातल्या मनात आजी म्हणायचे. तोंडानं मात्र फ्राउ आणि आडनाव. जर्मनमध्ये झी म्हणजे तुम्ही आणि डू म्हणजे तू. तुम्हीवरून तू वर कधी यायचं, हे मोठ्या माणसानं सुचवायचं असतं. इमारतीतली सगळी पार्सलं त्यांच्याकडे यायची. कुरियरवाला तुम्ही घरी नसलात तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो: अमुकांकडे आहे. अमुक म्हणजे नेहमी त्या. माझी अर्धी जर्मन त्यांच्या दारात पार्सल घेताना झाली.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा त्यांनी पार्सल देता देता हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता डू म्हणू या. ऐंशी ओलांडलेल्या बाईला तू म्हणायचं! ऑफिसमधल्या जर्मन मैत्रिणीला वाटलं, मला अवघड गेलं असेल. पण आईला, आजीला आपण तूच म्हणतो. ए आजी, ऐक ना. मला तो शब्द अगदी आपसूक आला.

[फरसबंदीत बसवलेले दोन पितळी चौकोन. वाकलेले दोन हात.]

त्याच हिवाळ्यातली, नोव्हेंबरची गोष्ट. तारीख नऊ. मी कामावरून आले तर आजी दाराबाहेर फुटपाथवर लहान उशी ठेवून गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात फडकं. दारासमोरच्या फरशीत दोन पितळी चौकोन आहेत, तळहाताएवढे. वर्षभर मी त्यांच्यावरून चालत होते.

यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागावी असे दगड. कलाकार गुंटर डेमनिग यांनी बर्लिनमध्ये ते १९९६ मध्ये पहिल्यांदा बसवले. आता युरोपभर एक लाखाहून जास्त आहेत. नाझींनी ज्यांना नेलं, त्यांनी स्वतः निवडलेलं शेवटचं घर जिथे होतं, तिथे त्या दारासमोर. एका माणसाला एक दगड. सुरुवातीला बहुधा दोनच शब्द असतात: हीर वोन्टे. इथे राहत होती. मग नाव. जन्मवर्ष. कधी नेलं, कुठे मारलं. आमच्या दारासमोर एक आई आणि तिची मुलगी आहेत. १९४३. आउशवित्झ.

नऊ नोव्हेंबर ही १९३८ च्या त्या रात्रीची तारीख, जेव्हा देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली, जाळली. दर वर्षी त्या दिवशी शहरातले कितीतरी लोक हे दगड घासतात, शेजारी मेणबत्ती लावतात.

मी बॅग खाली ठेवली आणि दुसरं फडकं घेतलं. आई मी घासली. मुलगी आजींनी घासली. काळं निघत गेलं आणि अक्षरं वर आली. आजी एवढंच म्हणाल्या, "माझ्याच वयाची."

याच दारावर, कुठल्यातरी पट्टीवर, त्या मायलेकींचंही आडनाव असणार. पोस्टमन ते वाचत असणार.

[लेटरबॉक्सची रांग. एका पाटीच्या जागी दोन स्क्रूची भोकं.]

२०२२ मध्ये आजी लाइपत्सिगला लेकीकडे राहायला गेल्या. त्यांची पाटी काढली. दोन आठवडे तिथे नुसती भोकं होती. नऊ नोव्हेंबरला आता मी उशी घेऊन खाली जाते, दोन्ही दगड घासते आणि फोटो लाइपत्सिगला पाठवते.

आणि पार्सलं माझ्याकडे यायला लागली. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, हे कुरियरवाल्याला माझ्याआधी कळलं असावं. त्याच्या चिठ्ठीवर "कुणाकडे" या रकान्यात माझं आडनाव असतं. घाईत लिहिलेलं, एखादं अक्षर गाळलेलं, पण इमारतीत सगळ्यांना वाचता येतं.

गेल्या महिन्यात बेल वाजली. दारात एक मुलगा, विशीतला, हातात ती चिठ्ठी. चौथ्या मजल्यावर नुकताच आलेला. त्यानं माझं आडनाव हळूहळू, एकेक अक्षर धरून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे का म्हणून. मी पार्सल दिलं. मग विचारलं, लेटरबॉक्सवर नाव लावलंस का?

तो हसला आणि त्यानं मान हलवली.

मी म्हटलं, थांब. आणि चिकटपट्टी आणायला आत गेले.